बाबांना दिलेला शब्द

सासूबाई एप्रिलमध्ये गेल्या आणि सप्टेंबरात बाबा, म्हणजे माझे सासरे, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आम्ही न्यूनेनला राहतो, आइंडहोव्हनच्या शेजारी. घरं विटांची, रस्ते गप्प, आणि दुपारी तीन वाजता शाळा सुटली की तेवढी सायकलींची गर्दी. बाबा याआधी दोनदा येऊन गेले होते, पण दोन्ही वेळा सासूबाई बरोबर होत्या आणि सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. बाबांना चहा हवा असेल तर ते त्यांना सांगत, त्या मला सांगत. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तरी बाबा आणि मी एका खोलीत दोघंच बसून बोललोय असं मला एकदाही आठवत नव्हतं.

ऑक्टोबरात इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. आम्ही दरवर्षी त्या आठवड्यात कुठेतरी खेड्यात छोटं घर भाड्याने घेतो. यंदा नवऱ्याने बाबांना विचारलं, "काय बघायला आवडेल? समुद्र? ॲम्स्टरडॅम?"

बाबा म्हणाले, "जुन्या इमारती दाखव. जुनी घरं, मठ वगैरे. लोक राहत होते अशी."

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. उभी नोकरी साताऱ्या-कोल्हापुराकडे, सरकारी विश्रामगृहं, जुनी कोर्टं, इंग्रजांच्या वेळचे पूल यांच्या दुरुस्तीत गेली. नवं काही बांधल्याचं ते कधी सांगत नसत, पण कुठली पडायला आलेली भिंत कशी सावरली हे मात्र तारीखवार सांगत. नवऱ्याने मग मास नदीच्या बाजूला, ब्राबांटच्या कडेला एक घर ठरवलं. जवळपास दोन-तीन जुने वाडे होते, एक खंदकातला किल्लेवजा महाल होता, आणि वीस मिनिटांवर एक मठ. ऐनवेळी त्याच्या ऑफिसात कसलंसं सॉफ्टवेअरचं रिलीज अडकलं. "तुम्ही तिघं पुढे व्हा," तो म्हणाला, "मी शुक्रवारी येतो."

म्हणून बाबा, मी आणि आमची दहा वर्षांची लेक असे तिघं शनिवारी निघालो. गाडी मी चालवत होते. मका कापून झालेला, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, आणि बीचची झाडं तांबडी झालेली. बाबा पुढे बसले होते आणि सरळ समोर बघत होते. मी म्हणायचे, "बाबा, उजवीकडे बघा, पवनचक्की." ते मान पूर्ण वळवायचे, पण तोवर ती मागे गेलेली असायची. "हो, हो, छान आहे," ते म्हणायचे.

भाड्याचं घर म्हणजे एका शेतकऱ्याच्या गोठ्याचं केलेलं घर. आत शिरताना बाबांचा खांदा चौकटीला जोरात आपटला. "इथली दारं अरुंद," ते खांदा चोळत म्हणाले. दार चांगलं ऐसपैस होतं. पण पंच्याहत्तरीचा माणूस, नवीन जागा, प्रवासाचा शीण. मी त्यावर फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खंदकातल्या त्या महालात गेलो. दारातच बुटांवर चढवायच्या लोकरी सपाता दिल्या, लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून. बाबांना ते फार पसंत पडलं. "बघ, यांना कळतं," ते म्हणाले. एकेका खोलीत ते भिंतीशी जाऊन उभे राहायचे, तळहात टेकवायचे, मग हळूच बोटांनी विटांमधल्या दरजा चाचपायचे. हात लावू नका असं लिहिलेलं होतं. मी ते सांगितलं तर म्हणाले, "वाचलंय मी. मी हात लावत नाहीये, नाडी बघतोय."

तिथे एक निवृत्त गृहस्थ माहिती सांगायला उभे होते. लेक त्यांच्याशी डचमध्ये बोलायची आणि बाबांना मोडक्या मराठीत सांगायची. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर द्यायची वेळ आली की इंग्रजीत घसरते. आजोबांसाठी मात्र ती त्या दिवशी नेटाने मराठी बोलत होती. बाबा तिला म्हणाले, "त्यांना विचार, या भिंतीला खाली लोणा लागलाय, तो सिमेंट लावल्यामुळे ना?"

"लोणा म्हणजे?"

"ते पांढरं पीठ आलंय ना भिंतीवर, ते. भिंतीतली ओल बाहेर पडायला बघते, सिमेंट तिला अडवतं. मग ती क्षार घेऊन दुसरीकडून फुटते."

तिने कसंबसं ते पोचवलं. गृहस्थ इतके खूश झाले की आम्हाला दोरीपलीकडे नेऊन त्यांनी भिंतीची नवी चुन्याची दुरुस्ती दाखवली. बाबा दोन्ही हात मागे बांधून ऐकत होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुललेलं पाहिलं नव्हतं. खालच्या पाटीवरची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं त्यांनी चष्मा न बदलता वाचून दाखवली. आणि तिथून वळताना त्यांच्या उजव्या बाजूला अगदी जवळ उभ्या असलेल्या बाईंवर ते सरळ जाऊन आदळले. बाईंच्या हातातली पत्रकं जमिनीवर पसरली. "सॉरी, सॉरी," बाबा म्हणत राहिले आणि पत्रकं उचलायला वाकले, पण त्यांचा हात पत्रकांच्या आजूबाजूलाच फिरत राहिला.

पुढे तळघरातलं स्वयंपाकघर होतं. बाबा जिन्याच्या तोंडाशी थांबले. "तुम्ही बघून या. मी इथे बसतो."

जुन्या इमारतीचा पाया बघायचा सोडून बाबा वर बसतात, हे मला चमत्कारिक वाटलं. तरी मी लेकीला घेऊन खाली गेले.

बाहेर बागेत आलो तेव्हा ऊन पडलं होतं. खंदकाच्या पाण्यावर बारीक हिरव्या पानांची जाड साय धरली होती. गवत आणि पाणी यांच्यात कठडा नव्हता, पण काठ स्पष्ट दिसत होता. चांगली वीतभर उंच दगडी कड होती. मी फोनवर नवऱ्याला फोटो पाठवत होते. लेकीची किंचाळी ऐकू आली म्हणून मान वर केली, तर तिने बाबांचं जाकीट मागून दोन्ही मुठींनी धरलं होतं आणि बाबांचा एक पाय काठाबाहेर होता. मी धावले. दोघींनी मिळून त्यांना मागे ओढलं. ते गवतावर बसले, धापा टाकत.

"गवतच वाटलं गं," ते म्हणाले. "फसवं आहे पाणी."

त्या संध्याकाळी बाबा आत पडले होते आणि मी बटाटे सोलत होते. लेक माझ्याजवळ येऊन उभी राहिली. इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाली, "आई, आजोबांना बाजूचं दिसत नाही."

"असं का म्हणतेस?"

"मी टेस्ट केली." तिच्या खिशात एक बीचचं पान होतं. गाडीत, मागच्या सीटवरून, ती ते पान आजोबांच्या कानाशी धरायची आणि हळूहळू पुढे न्यायची. ते कधी दचकतात ते बघायचं, असा तिचा खेळ. मैत्रिणींबरोबर खेळते तसाच. "ते पान नाकासमोर येईपर्यंत ते काहीच म्हणत नाहीत. मला वाटलं मुद्दाम करतात. पण आज पाण्याजवळ..." तिला रडू आलं.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी.

बोलायला तीन दिवस गेले. कसं विचारायचं तेच सुचेना. नवऱ्याचा रोज फोन यायचा, आणि रोज मी म्हणायचे, सगळं ठीक आहे. बाबांना एकट्याने पाण्याकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी केलं.

बुधवारी आम्ही मठात गेलो. भोवती उंच विटांची भिंत, आत लिंडनच्या झाडांची रांग, आणि साठ माणसांसाठी बांधलेली इमारत. आता तिथे आठ साधू उरले होते, सगळे म्हातारे. दुपारच्या प्रार्थनेला बाहेरच्यांना बसू देत. पांढऱ्या झग्यातले ते आठ जण एकामागून एक आले, एक जण चाकांच्या वॉकरला धरून. दोन बाजूंना चार-चार जण उभे राहिले आणि एका बाजूने एक ओळ, दुसऱ्या बाजूने एक ओळ असं गायला लागले. आवाज थकलेले होते. मधेच एका बाजूचा एक जण ओळ विसरला, तर समोरच्या बाजूने ती उचलली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. सासूबाईंच्या दिवसांतही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

नंतर लेक मठाच्या दुकानापाशी मांजर घेऊन बसली आणि मी बाबांना मागच्या फळबागेत नेलं. दक्षिणेकडच्या भिंतीशी बाक होतं. गवतात सफरचंदं पडून सडत होती, त्यांचा आंबूस वास येत होता. मी सरळ विचारलं.

"बाबा, तुम्हाला बाजूचं दिसत नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमची नात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "हुशार आहे पोरगी." आणि थोड्या वेळाने, "समोरचं दिसतं. तुझा चेहरा दिसतो. तुझे हात कुठे आहेत ते दिसत नाही."

माझे हात माझ्या मांडीवर होते.

काचबिंदू होता. सात वर्षांपूर्वीच कळलेला. रोज थेंब घालायचे आणि सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं, एवढंच पथ्य. सुरुवातीला सासूबाईच थेंब घालायच्या. मग त्यांची मूत्रपिंडं गेली आणि डायलिसिस सुरू झालं.

"आठवड्यातले तीन दिवस तिथे," बाबा म्हणाले. "पहाटे उठायचं, रिक्षा बघायची, चार-पाच तास बसायचं, तिला घरी आणायचं. उरलेल्या दिवशी तिचं पाणी मोजून द्यायचं, तिचं जेवण. एकदा थेंब संपले ते आणायचे राहिले. उद्या आणू, उद्या आणू करता करता दीड वर्ष गेलं. दुखत नाही गं ते. दुखलं असतं तर गेलो असतो."

"आणि आता?"

"ती गेल्यावर गेलो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळा. आता घालतोय थेंब."

"यांना का नाही सांगितलं?"

बाबांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्याला सांगू नकोस."

"असं कसं बाबा?"

"आईच्या वेळी तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यावरून तो आधीच स्वतःला खातोय. मी बघतो ना, टेबलाशी बसला की घास हातात तसाच राहतो. त्यात त्याला हे कळलं, की तिचं करता करता माझे डोळे गेले आणि हा इथे होता, तर तो काय करेल? नोकरी सोडून येईल. नाहीतर मला इथे आणायचं म्हणून कागदपत्रांच्या मागे लागेल आणि ते काही होणार नाही. मला माझ्या घरी राहायचंय. तिथली प्रत्येक पायरी मला पाठ आहे. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी मी स्वतः सांगेन त्याला. तू नको."

मी म्हटलं, तिकडे स्कूटर चालवता ती सोडावी लागेल. ते हो म्हणाले. दर महिन्याला डॉक्टर सांगतील ते मला कळवायचं. हो. अंधार पडल्यावर बाहेर पडायचं नाही. हो. एवढं सगळं कबूल करून घेतलं आणि मग मी म्हणाले, "बरं. नाही सांगत."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात आधी जरा बाजूला गेला, मग जागेवर आला.

त्या होकारामागे फक्त दया नव्हती, हे मला नंतर कळलं. चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. मुलाला नाही, मला सांगितलं होतं. त्याचं मला कुठेतरी बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसं होतं.

परतताना वॉकरवाले साधू वाटेत भेटले. बाबांनी लेकीला विचारायला सांगितलं, एवढ्या मोठ्या इमारतीची देखभाल कोण करतं? ते म्हणाले, आम्ही होतो तोवर आम्ही केली. आता एक कंपनी येते. आमच्यानंतर इथे काय होईल ते अजून ठरायचंय, बहुधा राहायची घरं करतील. बाबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "त्यांना सांग, छप्पर चांगलं राखलंय. छप्पर राखलं की बाकीचं टिकतं." लेकीला छप्पर शब्द येत नव्हता. तिने बोट वर करून दाखवलं. साधू हसले.

शुक्रवारी नवरा आला. शनिवारी आम्ही चौघं एका सरदारी घरात गेलो. दर्शनी हॉलमधून वर जाणारा रुंद जिना होता, आणि भिंतीवर त्या घराण्यातल्या माणसांची चित्रं. नवरा पुढे चालत होता. बाबांनी माझ्या कोपराला धरलं. मी ओठ न हलवता म्हणत राहिले, "पायरी. पायरी. वळण. अजून चार. संपलं." वर पोचल्यावर बाबा चित्रांकडे बघत सहज म्हणावं तसं म्हणाले, "केवढ्या मोठ्या कॉलर घालायचे हे लोक!" नवऱ्याने मागे वळून आमचा तसाच, हात धरलेला फोटो काढला.

"तुमचं दोघांचं या आठवड्यात बरंच जमलेलं दिसतंय," तो हसून म्हणाला. तो मनापासून खूश होता. आई गेल्यापासून बाबा एकटे पडतील याची त्याला धास्ती होती, आणि आता बायको वडिलांचा हात धरून चालताना दिसत होती. मी हसले. लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही मी सांगितलं होतं, पप्पांना इतक्यात काही बोलू नको, आजोबाच सांगणार आहेत.

नोव्हेंबरच्या शेवटी बाबा परत गेले. विमानतळावर व्हीलचेअरची सोय मी केली. नवऱ्याने विचारलं, "व्हीलचेअर कशाला?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात म्हणत होते." ही पहिली थाप नव्हती, पण तोंडावर मारलेली पहिली. तोवर फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणणं आणि गप्प राहणं, एवढंच होतं.

बाबांनी माझ्या सगळ्या अटी पाळल्या. स्कूटर सोसायटीतल्या एकांना देऊन टाकली. महिन्याला मला मेसेज यायचा, "प्रेशर ठीक. थेंब चालू." रविवारी व्हिडिओ कॉलवर ते कॅमेऱ्यात सरळ बघायचे आणि नवरा म्हणायचा, "बाबा फ्रेश दिसतायत." दर रविवारी कॉल संपला की मला वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, ते स्वतःच सांगणार आहेत, त्यांना सांगू दे. मी एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत वापराच्या पुस्तिका लिहिते. धोक्याची सूचना आधी, ठळक अक्षरात, मग बाकीचं, असा तिथला नियम आहे. दिवसभर तेच करायचे मी.

फेब्रुवारीत एका सकाळी बाबा भाजी आणायला पायी निघाले. आधी ते स्कूटरवर जायचे. पदपथ केबलसाठी खणून ठेवला होता. समोर लाल पट्टी लावलेली होती, पण खड्डा बाजूने सुरू होत होता. ते त्यात पडले. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं आणि नवऱ्याला फोन केला. तो त्याच दिवशी मिळेल त्या विमानाने निघाला. लेकीच्या शाळेमुळे मी मागे राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. बाप-लेक बोलले, एकत्र चहा प्यायले. नवऱ्याने मला त्याचा फोटोही पाठवला. पाचव्या दिवशी छातीत कफ झाला, मग न्यूमोनिया. अकराव्या दिवशी सकाळी बाबा गेले. यावेळी नवरा त्यांच्या उशाशी होता, एवढंच.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी कामाला निघण्याच्या तयारीत होते. तो बाबांच्या कपाटातले कागद बघत होता.

"डोळ्यांची फाइल मिळाली मला," तो म्हणाला. "त्यांना जवळजवळ दिसतच नव्हतं. डॉक्टरांशी बोललो आत्ता. ते म्हणाले, सूनबाईंना माहीत आहे असं बाबा सांगायचे. तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. बाबा नव्हते, मेसेज पुसता आले असते.

"हो," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. त्या सुट्टीत कळलं."

"मी आलो त्याच्या आधी?"

"हो."

त्याने हातातली फाइल मिटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

दिवसवार आटोपून तो परत आला. मला वाटलं होतं तो ओरडेल, भांडेल. मी त्याची तयारी करून बसले होते. तो ओरडला नाही. बॅग उघडली, माझ्यासाठी आणलेल्या मसाल्याच्या पुड्या ओट्यावर ठेवल्या आणि अंघोळीला गेला. पुढचे कित्येक आठवडे तो माझ्याशी फक्त लागेल तेवढंच बोलत होता. दूध संपलंय. लेकीला पोहायला कोण सोडतंय. शनिवारी पाऊस आहे. एकदाच, गाडी धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला माहीत असतं तर मी त्यांना एकटं राहू दिलं नसतं."

म्हणूनच त्यांनी तुला सांगू दिलं नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. खरं असलं तरी ते त्याला द्यायचं उत्तर नव्हतं.

लेकीने एकदा मला विचारलं, "मी पप्पांना सांगितलं असतं तर आजोबा असते?" मी तिला म्हटलं, नाही, तसं नसतं. तिने ऐकून घेतलं. तिला पटलं की नाही मला माहीत नाही. मलाच ते पटलेलं नाही. कधी वाटतं, बाबांना त्यांच्या घरात, त्यांच्या पद्धतीने शेवटचे तीन महिने राहता आलं, ते माझ्यामुळे. कधी वाटतं, त्या खड्ड्याकडे त्यांना मीच पायी पाठवलं, स्कूटर सोडायला लावून. दोन्ही गोष्टी मी मनात कितीदा फिरवल्यात, पण एकही दुसरीला खोडत नाही.

सप्टेंबरात एका संध्याकाळी नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "ते काय म्हणाले होते, नक्की शब्द सांग."

मी सगळं सांगितलं. फळबाग, बाक, थेंब कसे राहून गेले ते, आणि त्यांनी का सांगू दिलं नाही ते. "आधीच स्वतःला खातोय" हे मी त्याच्याकडे न बघता सांगितलं. त्याने मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "अजून काही?"

मी म्हटलं, "नाही. एवढंच." आणि मग आठवून, "हुशार आहे पोरगी, म्हणाले."

तो उठून बाहेर बागेत गेला आणि काळोख होईस्तोवर तिथेच उभा राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, त्याला डोळे तपासून घ्यायला पाठवलं. वडिलांना काचबिंदू असेल तर मुलांनी चाळिशीनंतर नियमित तपासायला हवं, हे तिने सांगितलं. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या गुपितात त्याच्याही डोळ्यांचा प्रश्न होता, आणि मी चार महिने ते माझ्यापाशी ठेवलं होतं. तपासणीत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालतात, गाडी चालवता येत नाही, म्हणून मी बरोबर गेले. डोळे चांगले निघाले. दरवर्षी येत जा, म्हणाले.

परतताना ऊन समोरून येत होतं. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि कडांमधून पाणी वाहत होतं; औषधाचं की कशाचं, मी विचारलं नाही. आइंडहोव्हनच्या रिंग रोडवर, सिग्नलला थांबलो असताना तो म्हणाला, "तू त्यांना हो म्हणालीस, ते मला समजतं. तुझ्या जागी मी असतो तरी हो म्हणालो असतो कदाचित."

मी गिअर न्यूट्रलला टाकला.

"पण व्हीलचेअरच्या वेळी मी तुला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं."

"हो," मी म्हणाले.

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा मला कळलं. घरी पोचलो तेव्हा लेक शाळेतून यायला अर्धा तास होता. त्याचा हात धरून मी त्याला उन्हातून आत नेलं, पडदे ओढले, आणि कुकर लावला.